दिनानाथरावांनी पास केलेला तंबू

मी एक जुना तंबू आहे. लग्नाच्या मांडवासारखा ऐसपैस नाही की सर्कशीच्या तंबूसारखा रुबाबदार नाही. दोन माणसांचा, बुटका. माझ्यात शिरायचं तर रांगतच शिरावं लागतं, मग तुमचा हुद्दा कितीही मोठा असो. सध्या माझा मुक्काम बदलापूरला, बेलवलीतल्या एका घराच्या माळ्यावर आहे. माझ्या एका बाजूला आकाशकंदिलाचा मोडका सांगाडा आहे आणि दुसऱ्या बाजूला पितळी घंगाळ. घंगाळ फारसं बोलत नाही. म्हणून मित्रांनो, आज तुम्ही शिडी लावून वर डोकावलात तेव्हा मला फार बरं वाटलं.

माझा जन्म उल्हासनगरचा, चार नंबर कॅम्पातला. तिथे टेकचंदशेठ नावाच्या सिंधी व्यापाऱ्याचं दुकान होतं. पुढे ताडपत्र्या, रेनकोट आणि शाळेची दप्तरं टांगलेली असत, मागे शिलाई मशिनं दिवसभर घरघरत. हरिचंद्र मास्तरांनी मला शिवलं. रेनकोटांच्या ऑर्डरमधलं उरलेलं कापड संपवायचं होतं, म्हणून माझी एक बाजू निळी झाली आणि दुसरी शेवाळी. निळं कापड पुरलं नाही, त्याला मी काय करणार? पण कापड चिवट होतं आणि त्यावर पाणी ठरत नसे. आत पातळ सुती अस्तर, त्यावर चार बोटांचं अंतर सोडून हे बाहेरचं पांघरूण, आणि तळाचं कापड टोपलीच्या काठासारखं वर वळवलेलं. पुढचा खांब कमरेइतका, मागचा जेमतेम गुडघ्याइतका. मास्तरांनी प्रत्येक शिवणीवर मेण घासलं आणि माझी घडी करून मला फळीवर ठेवून दिलं.

त्या फळीवर मी बरेच महिने पडून होतो. गिऱ्हाइकं यायची, मला उलगडायची, "हे काय, कोंबड्यांसाठी आहे का?" असं विचारून हसायची आणि ताडपत्री घेऊन जायची. लहानपणी असं बोलणं फार लागतं, मित्रांनो.

मग अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात, एका रविवारी, दिनानाथराव आले. अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शन ऑफिसर होते. त्यांनी पास केल्याशिवाय तिथला माल फाटकाबाहेर पडत नसे. घरीही तीच तऱ्हा. नारळ कानाशी धरून हलवल्याशिवाय पिशवीत जायचा नाही, आणि नवी बादली आली की तिच्यात पाणी भरून ती रात्रभर मोरीत उभी राहायची. माल चांगला असेल तर उगाच नापास करायचा नाही आणि वाईट असेल तर कोणाच्याही सांगण्यावरून पास करायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती.

त्यांच्यासोबत त्यांची मुलगी मालिनी होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली, सडपातळ, चालताना नेहमी दोन पावलं पुढे. तिला डोंगरांचं वेड होतं. हिमालयात गिर्यारोहणाचं महिनाभराचं शिबिर होतं आणि त्यात तिची निवड झाली होती. तिला जायला मिळणार की नाही, हा त्या पावसाळ्यात त्या घरातला एकच प्रश्न होता. दिनानाथरावांना तोंडावर 'नाही' म्हणवत नव्हतं आणि 'हो' काही केल्या घशाबाहेर येत नव्हतं. एकुलती एक पोर, तिकडे बर्फ, वारा, आणि मध्ये म्हणे नुसतं कापड! शेवटी त्यांनी तोडगा काढला. सोसाट्याचा वारा आणि मुसळधार पाऊस, दोन्हींत टिकणारा तंबू मिळाला आणि त्यांनी स्वतः त्यात एक रात्र काढली, तर मालिनीने जावं.

आतली गोष्ट सांगतो. असा तंबू मिळणारच नाही, अशी त्यांची खात्री होती. मालाची परीक्षा घ्यायला आलेला हा माणूस माल नापास व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून पहिल्याच दिवशी कळलं.

टेकचंदशेठनी आधी अर्थातच मोठा तंबू दाखवला. केशरी रंग, दोन खिडक्या, पुढे ओसरी, आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंची.

"साईं, बंगला आहे बंगला," शेठ म्हणाले. "एकदम मजबूत. वर हाथी बसवा."

"हत्ती बसवायचा नाहीये," दिनानाथराव म्हणाले. "मुलगी झोपवायची आहे."

मालिनीने मात्र फळीवरून मला ओढून काढलं. "बाबा, हा बघा. जेवढा उंच तंबू तेवढा वारा जास्त धरणार. हा मागून उतरता आहे, वारा वरून निघून जाईल. आणि मला पाठीवर न्यायचाय, हमाल थोडाच मिळणार आहे?"

"यात नीट बसता तरी येईल का?"

"बसायला कशाला? झोपायला."

दिनानाथरावांनी चष्मा वर केला. "टेस्ट घेऊ," ते म्हणाले. आणि मग जे झालं ते चार नंबर कॅम्पात पुढे कितीतरी दिवस लोक एकमेकांना सांगत होते. दुकानासमोर रस्त्यात आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. जमिनीत खुंट्या जाईनात, म्हणून आमच्या दोऱ्या विटांना बांधल्या. शेठनी मागच्या शिलाईखान्यातला मोठा उभा पंखा वायर जोडून बाहेर आणला आणि एक माणूस बादलीने पंख्यासमोर पाणी फेकायला लागला. बघ्यांची ही गर्दी! जो तो सल्ला द्यायला पुढे. "बडा वाला लो साब, छोटे में दम घुटेगा," असं एकाने ओरडून सांगितलं.

मोठ्या तंबूने वारा पोटात घेतला, छाती फुगवली, दोन विटा ओढल्या आणि तो शेजारच्या केळ्यांच्या गाडीवर पसरला. केळीवाला ओरडायला लागला. मी थरथरलो, फडफडलो, पण जागचा हललो नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी हसलं नव्हतं. दिनानाथरावांनी मात्र मला वाकून पाहिलं आणि त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं.

मला वाटलं, झाली परीक्षा. कसली झाली! बेलवलीला आल्यावर इमारतीच्या आवारात माझ्यावर रोज सकाळी बादल्या रिकाम्या व्हायला लागल्या. शेजारीपाजारी दात घासत येऊन उभे राहत. दिनानाथरावांच्या पत्नी, कुमुदिनीबाई, खिडकीतून म्हणायच्या, "अहो, तेवढं पाणी झाडांना घाला, दोन जास्वंदी तरी येतील!" त्या हसऱ्या आणि मोकळ्या स्वभावाच्या होत्या. नवऱ्याच्या तपासण्यांची त्यांना चांगलीच सवय होती.

आणि मग एका संध्याकाळी दिनानाथरावांनी ब्लेड घेतलं आणि माझ्या मागच्या काठाचा तळहाताएवढा तुकडा कापला! मी ओरडलो असेन, पण आमचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. मालिनीचा मात्र सगळ्या इमारतीला ऐकू गेला.

"बाबा! अहो, काय केलंत हे?"

"सॅम्पल घेतलं. लॅबमध्ये ओढून बघतो."

"अहो, कारखान्यात हजारांतला एक कापता! हा एकच आहे!"

दिनानाथराव हातातल्या तुकड्याकडे बघतच राहिले. तीस वर्षं मालातून नमुना कापण्याची सवय, हात आपोआप गेला होता. तुकडा लॅबमध्ये उत्तम पास झाला. मला मात्र भोक पडलं ते पडलंच. दुसऱ्या दिवशी ते मला गुपचूप चार नंबर कॅम्पात घेऊन गेले. टेकचंदशेठ पोट धरून हसले. "साईं, फाटला म्हणून आणणारे बहोत बघितले. कापून आणणारे तुम्ही पहिले!" हरिचंद्र मास्तरांनी ठिगळ लावलं आणि त्यावर दोनदा मेण घासलं.

श्रावणात एका शनिवारी हवामान बिघडणार असं रेडिओवर सांगितलं. इतर लोक अशा वेळी खिडक्या लावतात. आम्ही मात्र निघालो. बारवी धरणाच्या बाजूला एका माळाखाली कौसाबाईंचं घर होतं. पावसाळ्यात रानभाज्या घेऊन त्या बेलवलीला यायच्या आणि कुमुदिनीबाईंच्या दारात बसून चहा घेतल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. कुमुदिनीबाई त्यांच्याकडे थांबणार होत्या आणि बापलेक वर माळावर.

"आगो बाय, या वाऱ्यात कापडाच्या खाली कशाला निजताय?" कौसाबाई म्हणाल्या. "माजं घर काय उडून गेलंय का?"

"यांना परीक्षा घ्यायची आहे," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"कोणाची?"

कुमुदिनीबाईंनी यावर नुसतं हसून नवऱ्याच्या हातात डबा दिला.

माळावर जागा मालिनीने निवडली. दिनानाथराव प्रत्येक गोष्टीला "का?" विचारत होते आणि ती उत्तर देत होती. अगदी वर का नको? तिथे वारा चारही बाजूंनी झोडपतो. खोलगट जागा मऊ आहे, ती का नको? पाणी तिथेच साचणार. झाडाखाली आडोसा आहे की! फांदी पडली म्हणजे? माझी बुटकी पाठ तिने वाऱ्याकडे केली, दार दुसऱ्या अंगाला ठेवलं, खुंट्या तिरप्या ठोकल्या आणि दोऱ्या ताणल्या. दिनानाथरावांनी प्रत्येक दोरी बोटाने वाजवून पाहिली.

दिवेलागणीला पाऊस आला आणि पाठोपाठ वारा. पंख्याचा वारा तो काय, हा सगळा माळच माझ्यावर चालून आला. मी कापडाच्या प्रत्येक धाग्याने धरून होतो, पण जमीन भिजून लोण्यासारखी झाली होती. मागची एक खुंटी उपटली गेली, दोरी चाबकासारखी फिरायला लागली आणि माझी पाठ आत दबली. दिनानाथराव घाबरून उठायला गेले आणि त्यांचं डोकं छताला आपटलं.

मालिनी तोपर्यंत बाहेर सरपटली होती.

"मालू, आत ये! मालू!"

"बाबा, पुढचा खांब धरा!" बाहेरून तिचा आवाज आला. "दोन्ही हातांनी. मी सांगेपर्यंत सोडू नका."

आणि जन्मभर दुसऱ्यांना सूचना देणाऱ्या दिनानाथरावांनी निमूटपणे खांब धरला. बाहेर अंधारून आलं होतं. विजेच्या उजेडात माझ्या कापडावर पोरीची सावली दिसायची. मोठा धोंडा पोटाशी धरून ती वाऱ्यात वाकून चालत होती. तिने खुंटी नव्या जागी ठोकली, वर धोंडा ठेवला, मग बाकीच्या सगळ्या खुंट्यांवरही एकेक. आत आली तेव्हा ओलीचिंब होती आणि हसत होती. "झालं. सोडा आता खांब," ती म्हणाली. त्यांनी सोडला. मालिनी कोरडे कपडे घालून पांघरुणात शिरली आणि गाढ झोपली. दिनानाथराव तिच्याकडे बघत बसून राहिले.

पहाटे वारा पडला. उजाडलं तेव्हा मालिनीच्या कपाळावर वरून एक थेंब पडला. ती दचकून उठली. तिने अस्तर बाजूला करून बाहेरच्या कापडाला आतून हात लावला. ते आतून ओलं होतं. थेंबच थेंब. तिच्या पांघरुणाचा काठही दमट झाला होता.

 अगदी खालच्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, गळला."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि दिनानाथरावांना हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. नुसतं "हं" म्हटलं असतं तरी मुलगी घरी राहिली असती, आणि तीही स्वतःच्याच तोंडाने कबूल करून. ते वर बघत राहिले. शिवणींवरून बोट फिरवलं. शिवणी कोरड्या होत्या. ठिगळ कोरडं होतं. तळ कोरडा होता. थेंब होते ते दोघांच्या डोक्यांवर दाट आणि पायांकडे विरळ. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"नाही गळला," ते म्हणाले.

"मग हे काय?"

"आपला श्वास आहे, मालू. तुझा नि माझा. रात्रभर वर जाऊन गार कापडाला लागला, त्याचं पाणी झालं. चहाच्या पातेल्यावरच्या झाकणाला येतं ना, तसं. दाराची वरची फट उघडी ठेवायला हवी होती." मग ते म्हणाले, "माल चांगला आहे. पास."

"म्हणजे... जाऊ मी?"

"पास म्हटलं ना."

खुंट्या बघतो, असं सांगून ते बाहेर गेले. माळाच्या टोकाशी आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे होते. तिथे एकही खुंटी नव्हती.

जायचा दिवस उजाडला. मालिनी पाठीवर सॅक घेऊन दाराशी उभी राहिली. तेवढ्यात दिनानाथराव मला कडेवर घेऊन धावत आले. त्यांनी माझ्या वाकड्या खुंट्या ठोकून सरळ केल्या होत्या आणि दोऱ्या नव्या लावल्या होत्या. "अगं, हा राहिला ना!"

मालिनीने आईकडे पाहिलं.

"बाबा, तिथे तंबू त्यांचेच असतात. आपला न्यायचा नसतो."

दिनानाथराव मला घेऊन स्टुलावर बसले. "कधी कळलं तुला?"

उत्तर कुमुदिनीबाईंनी दिलं. "मे महिन्यातच."

"म्हणजे उल्हासनगर, तो पंखा, बादल्या, माळ... सगळं फुकट?"

"तुम्हाला काहीतरी तपासायला हवं होतं ना! तंबू नसता तर तुम्ही हिमालय तपासायला बसला असता."

"मला आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर हो म्हणाला असता?"

दिनानाथरावांनी नेहमीप्रमाणे प्रामाणिकपणे विचार केला. "नसतो म्हणालो," ते म्हणाले. मालिनी खाली बसली आणि तिने त्यांना मिठी मारली. मी दोघांच्या मध्ये चेपला गेलो. खरं तर मी फार दुखावलो होतो. एवढं सोसलं, अंगावर ठिगळ घेतलं, आणि माझी गरजच नव्हती म्हणे!

मालिनी सुखरूप परत आली, नाकाची सालं निघालेली आणि तोंड अखंड चालू. पुढे कितीतरी वर्षं तिने मला डोंगरांवर फिरवलं. माझं कौतुक झालं, "हा कुठे मिळतो?" असं लोक विचारायला लागले. मग हलके, काड्यांवर कमान घेणारे नवे तंबू आले. ती लग्न होऊन पुण्याला गेली. शेवटच्या वेळी कोणीतरी मला ओलाच गुंडाळून ठेवलं आणि माझ्या घड्यांत बुरशी धरली. त्या जागी कापड आता हाताला तडकतं. पण माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी संध्याकाळ कोणती असं विचारलंत, तर मी डोंगरावरची सांगणार नाही. ती मालिनी हिमालयात होती तेव्हाची, इथलीच, या इमारतीच्या गच्चीवरची आहे.

परतीचा पाऊस होता. दुपारपासून ढग गडगडत होते. दिनानाथराव कारखान्यातून आले, चहाही न घेता मला उचलून गच्चीवर घेऊन गेले, माझ्या दोऱ्या तुळशीच्या कुंडीला, टाकीच्या पाइपाला आणि कठड्याला बांधल्या आणि कपड्यांसकट आत येऊन आडवे झाले. थोड्या वेळाने वाऱ्यापावसात छत्री सावरत कुमुदिनीबाई वर आल्या. वाकून आत पाहत म्हणाल्या, "अहो, हे काय?"

"तिकडे आत्ता ती अशीच पडली असेल. कसं वाटतं ते बघतोय."

"मग, कसं वाटतंय?"

"भीती वाटते गं," दिनानाथराव म्हणाले.

"आणि मला नाही वाटत होय? मी तुमच्यासारखी तपासत बसत नाही, एवढंच." बाईंनी छत्री मिटून बाहेर ठेवली, पदर खोचला आणि त्या रांगत आत आल्या. "सरका जरा."

ते सरकले. शेजारच्या इमारतीतून कोणी पाहिलं असतं तर दोघांना वेड्यात काढलं असतं. त्या संध्याकाळी मला कळलं की मी फुकट गेलो नव्हतो. मला शिवलं होतं, निवडलं होतं, कापून जोडलं होतं ते याच दोन माणसांसाठी. मी माझ्या सगळ्या दोऱ्या घट्ट धरून राहिलो. पुढे वारा थांबला, पाऊसही थांबला, तरी ती दोघं बाहेर आली नाहीत.

मित्रांनो, तंबू ओला गुंडाळू नका, त्याला उन्हात नीट वाळवा, एवढं तर मी मागेनच. पण आणखी एक मागतो. तुम्ही कधी लांब जायला निघालात आणि घरातलं कोणी शंभर शंका काढू लागलं, तर वैतागू नका. प्रत्येक शंकेला उत्तर द्या. त्या उत्तरांनी त्यांची भीती जात नाही. पण तुम्हाला निरोप द्यायला दारापर्यंत यायचं बळ त्यांना मिळतं.